रक्त तपासणीच्या नळ्यांची टोपणं जांभळी, पिवळी, राखाडी का असतात? क्रम चुकला तर रिपोर्टही चुकतो

सकाळचे सात वाजलेत. रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. बेल वाजते. लॅबचा मुलगा बॅग उघडतो, दंडाला पट्टा बांधतो आणि सुई टोचतो. बहुतेक जण इथे तोंड फिरवतात, त्यामुळे पुढची गंमत बघायची राहून जाते. सुई एकदाच टोचलेली असते आणि तिच्या मागच्या बाजूला तो एकामागून एक नळ्या लावत जातो. आधी पिवळ्या टोपणाची, मग जांभळ्या, शेवटी राखाडी. तो काही ओढत नाही, काही दाबत नाही. तरी रक्त आपोआप नळीत येतं आणि ठरावीक रेषेपाशी आपोआप थांबतं.

दोन-तीन मिनिटांत काम संपतं. संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ येते, ठळक अक्षरातले आकडे गूगल केले जातात, फॅमिली ग्रुपवर सल्ले सुरू होतात. आकडा विचित्र वाटला की पहिला संशय मशीनवर जातो. "त्या लॅबचं मशीनच बिघडलंय" हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

पण मशीन बऱ्याचदा निर्दोष असतं. इटलीतल्या पादुआ इथल्या रुग्णालयाच्या लॅबमधल्या चुकांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ४०,४९० तपासण्यांमध्ये १८९ चुका सापडल्या. त्यातल्या ६८.२ टक्के चुका नमुना मशीनमध्ये जाण्याच्या आधी झालेल्या होत्या. प्रत्यक्ष तपासणी करताना झालेल्या चुका होत्या १३.३ टक्के. दहा वर्षांनी तिथेच पुन्हा मोजणी झाली, तेव्हाही नमुना मशीनपर्यंत पोचण्याआधीच्या चुकांचा वाटा ६१.९ टक्के होता.

म्हणजे रिपोर्टचं बरंचसं भवितव्य त्या दोन-तीन मिनिटांत ठरतं, जेव्हा आपण तोंड फिरवून बसलेलो असतो.

रक्त आपोआप कसं येतं?

टोपण लावलेली ती नळी रिकामी दिसते. खरं तर कारखान्यातच तिच्यातली बरीचशी हवा काढून घेतलेली असते आणि वर रबरी बूच घट्ट बसवलेलं असतं. आत हवेचा दाब कमी, शिरेत रक्ताचा दाब जास्त. दोघांमध्ये वाट उघडली की रक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावतं. स्ट्रॉने उसाचा रस ओढताना तोंडात जे होतं तेच इथे नळीत होतं.

ही वाट उघडून देते दोन टोकांची सुई. पुढचं टोक शिरेत जातं. मागचं टोक प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये असतं आणि त्यावर एक छोटी रबरी टोपी चढवलेली असते. नळी आत ढकलली की हे टोक रबरी टोपी आणि बूच दोन्ही भेदून नळीत शिरतं. नळी काढली की टोपी पुन्हा सुईवर सरकते आणि रक्त गळायचं थांबतं. म्हणून एका टोचण्यात पाच-सहा नळ्याही भरता येतात.

आणि रक्त थांबतं कसं? पोकळी मोजून ठेवलेली असते. दोन मिलिलिटरच्या नळीत साधारण तेवढं रक्त आलं की आतला दाब शिरेतल्या दाबाच्या बरोबरीला येतो आणि ओढ संपते. याच कारणामुळे लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावात तीच नळी थोडी कमी भरते, कारण तिथे बाहेरच्या हवेचाच दाब कमी असतो. नळीवर एक्स्पायरी डेट असते तीही यासाठी. प्लॅस्टिकमधून हवा हळूहळू, अगदी सूक्ष्म प्रमाणात आत शिरत राहते. जुनी नळी पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेली नळी काय गोंधळ घालते ते पुढे येईलच.

ही पद्धत येण्याआधी काचेची सिरिंज होती. ती उकळायची, वापरायची, पुन्हा उकळायची. सुया बोथट झाल्या की धार लावायची. अमेरिकेत जोसेफ क्लायनर यांनी १९४० च्या दशकात हवा काढलेल्या नळीची पद्धत शोधली, १९४९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि बेक्टन डिकिन्सन या कंपनीने ती बाजारात आणली. 'व्हॅक्युटेनर' हे त्यांच्या ब्रँडचं नाव. पण झेरॉक्सचं झालं तसंच याचंही झालं. आता नळी कुठल्याही कंपनीची असो, लॅबमध्ये तिला व्हॅक्युटेनरच म्हणतात. अगदी आपल्या सरकारच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतही हाच शब्द आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. रंगीत टोपण दिसलं म्हणजे आत पोकळी असतेच असं नाही. आपल्याकडे त्याच रंगांच्या, पण हवा न काढलेल्या साध्या नळ्याही सर्रास मिळतात. छोट्या लॅबमध्ये सिरिंजने रक्त काढून, टोपण उघडून नळीत सोडतात. हे नीट केलं तर चालतं. सुई काढून, नळीच्या कडेने हळू सोडलं तर. घाईत सुईतूनच जोराने पिचकारी मारली की लाल पेशी फुटतात आणि टोचणाऱ्याच्या बोटाला सुई लागण्याचा धोकाही वाढतो.

रंगांचा अर्थ काय?

प्रत्येक रंगाच्या नळीत आधीपासून काहीतरी घातलेलं असतं. कधी थेंबभर द्रव, कधी आतल्या भिंतीवर फवारलेली पावडर, कधी तळाशी जेल. शरीराबाहेर आलेलं रक्त काही मिनिटांत गोठायला लागतं. काही तपासण्यांना ते गोठलेलं हवं असतं, काहींना अजिबात गोठलेलं चालत नाही. सगळी भानगड तिथून सुरू होते.

जांभळं टोपण सगळ्यात ओळखीचं. सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स. मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सीसुद्धा यातच. या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं, पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे गुठळी होत नाही आणि पेशी शाबूत राहून मोजता येतात.

पिवळ्या किंवा सोनेरी टोपणाच्या नळीचं काम बरोबर उलटं. तिला रक्त गोठायलाच हवं असतं. काचेच्या पृष्ठभागावर रक्त आपोआप गोठतं, पण प्लॅस्टिकवर ते रेंगाळतं. म्हणून आत सिलिकाचा लेप देतात. साधारण अर्धा तास नळी उभी ठेवायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची. तळाचा जेल मधोमध येऊन बसतो, खाली गुठळी आणि वर फिकट पिवळं सीरम. कोलेस्टेरॉल, थायरॉइड, लिव्हर, किडनी, व्हिटॅमिन डी अशा तपासण्या या सीरमवर होतात. लाल टोपणाची नळीही सीरमचीच, फक्त तिच्यात सहसा जेल नसतो.

फिकट निळ्या नळीत सोडियम सायट्रेटचं द्रावण असतं. रक्त किती वेळात गोठतं हे मोजणाऱ्या तपासण्या तिच्यात होतात. कोविडच्या दुसऱ्या लाटेत घराघरात माहीत झालेली डी-डायमर इथलीच. राखाडी नळी साखरेची. हिरव्या नळीत हेपॅरिन असतं. ती मोठ्या रुग्णालयांत, विशेषतः इमर्जन्सीत दिसते, कारण गोठायची वाट न बघता लगेच तपासणी करता येते. काळं टोपण ईएसआरचं.

हे रंग जगभर सारखे आहेत असं समजू नका. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथल्या दवाखान्यात ईडीटीएच्या नळीला लाल आणि सायट्रेटच्या नळीला हिरवं टोपण दिसू शकतं. तिथल्या एका मोठ्या कंपनीची रंगांची पद्धतच वेगळी आहे. त्यामुळे इथला सेव्ह केलेला चार्ट तिथे दाखवून वाद घालू नये.

आधी कुठली नळी, नंतर कुठली?

एकाच सुईतून पाच नळ्या भरताना आधीच्या नळीतल्या रसायनाचा अंश सुईवर राहून पुढच्या नळीत जाऊ शकतो. म्हणून क्रम ठरलेला आहे. जंतूंच्या तपासणीच्या कल्चर बाटल्या सर्वात आधी, मग निळी, मग लाल-पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि सगळ्यात शेवटी राखाडी.

हा क्रम उलटला तर काय होतं? समजा जांभळी नळी आधी भरली आणि पिवळी नंतर. पोटॅशियमयुक्त ईडीटीएचा अंश पिवळ्या नळीत गेला. आता मशीनला पोटॅशियम जास्त दिसणार आणि कॅल्शियम कमी, कारण ते ईडीटीएने पकडून ठेवलंय. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असतं. ते खरोखरच साडेसहाच्या वर गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते आणि डॉक्टर धावपळ करून उपचार सुरू करतात. रुग्ण मात्र समोर निवांत बसलेला असतो, कारण त्याच्या शरीरात काहीच बिघडलेलं नसतं. जे वाढलं ते नळीत वाढलं. जांभळ्या नळीतलं रक्त जास्त झालं म्हणून ते पिवळ्या नळीत ओतणं हा तर त्याहून मोठा घोळ. लॅबमधल्या अनुभवी लोकांना पोटॅशियम खूप जास्त आणि कॅल्शियम अशक्य वाटावं इतकं कमी अशी जोडी दिसली की ते आधी नळीवर संशय घेतात.

"मूठ उघडझाप करा" हा सल्ला चुकीचा आहे

शीर सापडत नसेल तर बरेच जण सांगतात, "जरा मूठ उघडा-मिटा, उघडा-मिटा." शीर फुगते हे खरं. पण दंडाला पट्टा बांधलेला असताना मनगटापासून कोपरापर्यंतच्या स्नायूंना असा व्यायाम दिला की स्नायूंच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं आणि त्याच हाताच्या रक्तात साठतं. १९९० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात अशा एका रुग्णाची हकिगत छापून आली होती. त्याचं पोटॅशियम अधूनमधून वाढलेलं दिसायचं. कारण शोधता शोधता असं लक्षात आलं की रक्त देताना तो वारंवार मूठ आवळत होता.

मूठ एकदा हलकेच मिटून धरणं ठीक आहे. हात कोमट पाण्याने शेकणं, थोडा वेळ खाली लोंबता ठेवणं, आदल्या रात्री आणि सकाळी पुरेसं पाणी पिणं हे उपाय जास्त चांगले. 'फास्टिंग' म्हटलं की काही जण पाणीसुद्धा बंद करतात. साधं पाणी प्यायला हरकत नसते, आणि प्यायलेलं असेल तर शीर सापडायला सोपं जातं.

पट्ट्याचंही तसंच. तो एका मिनिटाहून जास्त वेळ बांधून ठेवू नये असं सांगितलं जातं. जास्त वेळ राहिला तर पाणी शिरेतून बाहेर झिरपतं, मोठे कण आत राहतात आणि प्रथिनं, कोलेस्टेरॉल, कॅल्शियम असे आकडे थोडे फुगतात. टोचायच्या आधी लावलेलं स्पिरिट वाळू द्यायचं असतं. ओल्या त्वचेतून सुई गेली तर झोंबतं आणि स्पिरिट रक्तात मिसळलं तर पेशी फुटू शकतात. पुसलेल्या जागेला बोटाने पुन्हा चाचपलं तर पुसणं वाया गेलं.

डेंग्यूचा सीझन आणि जांभळी नळी

पावसाळ्यात ताप आला की घरात एकच प्रश्न असतो, "प्लेटलेट्स किती?" नेहमीचा आकडा दीड ते साडेचार लाख. रिपोर्टमध्ये तो ४० हजार दिसला की घाबरगुंडी उडते. कोणी पपईच्या पानांचा रस काढायला घेतो, कोणी रक्तपेढीला फोन लावतो.

आकडा खरा असू शकतो, डेंग्यूत प्लेटलेट्स खरंच कमी होतात. पण तो खोटा असण्याच्या दोन वाटा याच नळीतून जातात. पहिली साधी. जांभळी नळी भरल्यावर ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करावी लागते, म्हणजे ईडीटीए सगळ्या रक्तात मिसळतं. ते राहून गेलं तर आत बारीकशी गुठळी होते. त्या गुठळीत हजारो प्लेटलेट्स अडकतात, मशीन उरलेल्या मोजतं आणि आकडा कोसळतो. दुसरी वाट अजब आहे. अगदी थोड्या लोकांच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून पुंजके बनवतात. मशीन त्या पुंजक्यांना प्लेटलेट्स म्हणून मोजत नाही. या माणसांच्या शरीरात प्लेटलेट्स भरपूर असतात, फक्त जांभळ्या नळीत त्या 'कमी' होतात.

दोन्हीवर उपाय हाताशी आहे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की पुंजके दिसतात. किंवा निळ्या सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजतात. रुग्णाला ताप नाही, रक्तस्राव नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत आणि प्लेटलेट्स मात्र अचानक तळाला गेल्यात, असं असेल तर डॉक्टरांना "स्मिअरवर बघितलंय का?" हे विचारण्यात काही गैर नाही. रुग्णाला खरंच डेंग्यू असेल, पोटात जोरात दुखत असेल, उलट्या होत असतील, तर मात्र नळीवर शंका घेत घरी बसू नये.

उलटी-सुलटी करणं आणि खळाखळा हलवणं यात फरक आहे, हेही सांगायला हवं. औषधाच्या बाटलीसारखी नळी हलवली तर लाल पेशी फुटतात, सीरम गुलाबी दिसायला लागतं आणि पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं.

निळी नळी अर्धवट भरली तर?

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या लोकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. गोळीचा डोस ठरतो तो पीटी-आयएनआर या तपासणीवरून. ही तपासणी निळ्या नळीत होते आणि तिथे मापाला फार किंमत आहे. एक भाग सायट्रेट, नऊ भाग रक्त. नळीत ०.३ मिलिलिटर द्राव असेल तर रक्त २.७ मिलिलिटर हवं.

रक्त कमी आलं तर त्या मानाने सायट्रेट जास्त होतं, नमुना गोठायला जास्त वेळ घेतो आणि आयएनआर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. डॉक्टर म्हणतात रक्त जरुरीपेक्षा पातळ झालंय, डोस कमी करा. प्रत्यक्षात रक्त तेवढं पातळ नसतंच. डोस कमी झाला की झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून चांगली लॅब रेषेपर्यंत न भरलेली निळी नळी सरळ नाकारते आणि पुन्हा रक्त मागते. रुग्णाला राग येतो, पण तिथे लॅबचं बरोबर असतं.

यात एक बारीक खाच आहे. नाजूक शिरांसाठी पंखांची 'बटरफ्लाय' सुई वापरतात. तिला लांब बारीक नळी असते आणि त्या नळीत हवा असते. पहिलीच नळी निळी लावली तर ती हवा आधी आत शिरते आणि तेवढं रक्त कमी येतं. म्हणून आधी एक फालतू नळी लावून हवा काढून टाकायची आणि मग खरी निळी नळी भरायची. तुमच्यासमोर कोणी थोडंसं रक्त भरलेली नळी बाजूला टाकून दिली तर ते रक्त वाया घालवणं नाही, काम नीट करणं आहे.

साखर नळीत बसल्या बसल्या कमी होते

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १०.१ कोटी आहे. त्यामुळे राखाडी नळी हा घरोघरीचा विषय.

काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. आता हिशोब करा. उपाशीपोटीची खरी साखर १३० असेल आणि नमुना दोन तास तसाच पडून राहिला, तर मशीन ११५ च्या आसपास दाखवेल. मधुमेहाची सीमा आहे १२६. म्हणजे ज्याला उपचार सुरू व्हायला हवेत तो "बॉर्डरवर आहे, जरा गोड कमी करा" एवढं ऐकून घरी जातो.

राखाडी नळीत सोडियम फ्लोराइड असतं. ते पेशींचं साखर खाणं थांबवतं. मात्र त्यालाही पूर्ण परिणाम दाखवायला तास-दोन तास लागतात. त्यामुळे उत्तम मार्ग म्हणजे नमुना थंड ठेवून लवकर लॅबमध्ये नेणं आणि पेशी वेगळ्या करणं. पिवळ्या जेलच्या नळीतही साखर तपासता येते, पण ती वेळेत सेंट्रिफ्यूज झाली तरच. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत, बर्फाच्या पॅकशिवाय दहा घरं फिरून आलेल्या नळीबद्दल वेगळं काय सांगायचं!

या नळ्यांची किंमत कोविडकाळात जगाला कळली. २०२१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत निळ्या नळ्यांचा तुटवडा पडला. ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने तातडीच्या नसलेल्या रक्त तपासण्या १७ सप्टेंबरपर्यंत थांबवायला सांगितलं. डॉक्टर होते, मशीन्स होती, रक्त द्यायला माणसं होती, फक्त नळ्या नव्हत्या.

पुढच्या वेळी कशाकडे लक्ष द्यायचं?

रक्त घेणाऱ्या मुलीला किंवा मुलाला रंगांची तोंडी परीक्षा द्यायला लावू नका. तरी काही गोष्टी बघण्यासारख्या आहेत. नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर, रक्त घेतल्यावर लगेच लिहिलं किंवा चिकटवलं जातंय का? सोसायटीच्या शिबिरात चाळीस जणांच्या नळ्या आधीच नावं घालून रांगेत ठेवलेल्या असतात. तिथे देशपांडेंची साखर देशमुखांच्या नावावर जायला वेळ लागत नाही. नाव त्यांनी उच्चारून "बरोबर ना?" म्हणण्यापेक्षा तुम्हाला तुमचं पूर्ण नाव सांगायला लावणं जास्त खात्रीचं.

काही गोष्टी तुम्ही स्वतः आधी सांगायच्या. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला असेल तर त्या हाताचं रक्त द्यायचं नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सहसा टाळतात. ज्या हाताला सलाइन चालू आहे त्या हातातून रक्त घेतलं तर रुग्णाचं कमी आणि सलाइनचंच जास्त मोजलं जाईल. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती सांगा, म्हणजे नंतर कापूस जास्त वेळ दाबून धरता येईल. रक्त बघून चक्कर येत असेल तर लाज न बाळगता आडवं होऊन रक्त द्या. खुर्चीतून पडून डोक्याला टाके पडण्यापेक्षा ते बरं.

सुई टोचताच बोटांपर्यंत करंट गेल्यासारखी झिणझिणी आली तर गप्प बसू नका. सुई मज्जातंतूला लागलेली असू शकते. ती लगेच बाहेर काढायला सांगायचं. सुई काढल्यावर कापूस लावून कोपर दुमडायची आपली जुनी सवय आहे. त्यापेक्षा हात सरळ ठेवून दोन-तीन मिनिटं बोटाने दाबून धरा, काळंनिळं कमी होतं.

आणि "किती रक्त घेताय!" या तक्रारीबद्दल. तीन-चार नळ्या मिळून दहा-बारा मिलिलिटर होतात, म्हणजे दोन-अडीच चमचे. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं.

सुई कुठे गेली ते बघा

सगळं झाल्यावर सुईचं काय होतं याकडे कोणाचं लक्ष नसतं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न भोकसणाऱ्या डब्यात जायला हव्यात. सुई कापून वेगळी केलेल्या नळ्या लाल पिशवीत. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण चढवायचं नसतं, कारण बोटाला सुई लागते ती बऱ्याचदा तिथेच.

अशी एक टोचणी किती महागात पडू शकते? लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लागली तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के असते. हिपॅटायटिस सी असेल तर सुमारे १.८ टक्के, एचआयव्ही असेल तर ०.३ टक्के. घरी रक्त घ्यायला आलेल्या माणसाकडे सुयांचा डबा नसेल आणि त्याने सुई कापसात गुंडाळून तुमच्या केराच्या बादलीत टाकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती बादली हातमोज्यांशिवाय उपसणाऱ्या घंटागाडीच्या कर्मचाऱ्याला हा धोका जातो. सुई परत न्यायला सांगा. ती नेणं त्याच्या कामाचाच भाग आहे.